पहिली उमेदवारी : अब्राहम लिंकन आणि १८३२ ची निवडणूक

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

१. अब्राहम लिंकन यांच्या सार्वजनिक जीवनाच्या आरंभाची क्रमवार माहिती सांगता येईल.
२. चरित्रलेखात काळ, परिसर आणि व्यक्ती यांची गुंफण कशी होते, हे स्पष्ट करता येईल.
३. थोर व्यक्तीविषयीची दंतकथा आणि कागदोपत्री आधार असलेली माहिती यांत फरक करता येईल.

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकाला अब्राहम लिंकन हे नाव परके नाही. शाळाशाळांच्या भिंतींवर लावलेले, हेडमास्तरांना उद्देशून लिहिलेले त्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र आपण वाचलेले असते. वसंत बापट यांच्या अनुवादाने ते मराठीत घरोघरी पोहोचले. लिंकन यांच्या संकलित लेखनात मात्र असे पत्र आढळत नाही. ते त्यांनीच लिहिले असे मानण्यास आधार नाही. भाषणांतून ऐकू येणारी त्यांच्या अपयशांची लांबलचक यादीही अशीच अर्धवट आहे. तिच्यात पराभव तेवढे मोजलेले असतात. त्याच वर्षांत मिळालेले यश गाळलेले असते.

या घटकात आपण लिंकन यांच्या एका खऱ्या पत्राकडे आणि एका खऱ्या पराभवाकडे वळणार आहोत. दोन्ही गोष्टी १८३२ या एकाच वर्षातील आहेत. त्या वर्षी तेवीस वर्षांच्या लिंकन यांनी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहासाठी प्रथमच उमेदवारी केली. पैसा नाही, घराणे नाही, शिक्षण नाममात्र आणि गावात येऊन जेमतेम आठ महिने झालेले, अशा स्थितीत हा तरुण मतदारांसमोर उभा राहिला. तो हरला, परंतु पुढील बत्तीस वर्षांच्या राजकीय जीवनाची बीजे या हरलेल्या निवडणुकीत दिसतात.

१. जडणघडण

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात, ओंडक्यांच्या एका झोपडीत झाला. वडील थॉमस हे शेतकरी आणि सुतार होते. केंटकीत जमिनीच्या मालकीहक्काचे तंटे वारंवार उद्भवत. त्या त्रासाला कंटाळून आणि काही अंशी गुलामगिरीच्या प्रथेमुळे हे कुटुंब १८१६ मध्ये इंडियाना येथे गेले. अब्राहम नऊ वर्षांचे असताना त्यांची आई नॅन्सी वारली. पुढच्या वर्षी वडिलांनी सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी विवाह केला. या सावत्र आईने मुलाच्या वाचनवेडाला मायेने जपले.

शाळेचे दिवस मात्र मोजकेच होते. शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा काही आठवडे शाळेत जायचे आणि पुन्हा कुऱ्हाड हाती घ्यायची, असा क्रम होता. सगळी शाळा एकत्र केली तर ती एक वर्षाचीही भरणार नाही, असा त्यांचा स्वतःचाच हिशेब होता. त्या शाळांत सर्व मुलांनी एकाच वेळी मोठ्याने पाठ म्हणण्याची पद्धत होती. मजकूर मोठ्याने वाचण्याची सवय लिंकन यांना आयुष्यभर राहिली. वाक्य डोळ्यांप्रमाणे कानांनीही पारखून घेणारा लेखक या सवयीतून घडला, असे म्हणता येईल.

१८३० च्या मार्च महिन्यात कुटुंब पुन्हा हलले आणि इलिनॉय राज्यात सँगमन नदीच्या काठी स्थिरावले. पुढच्या वर्षी बावीस वर्षांचे अब्राहम वडिलांच्या घरातून कायमचे बाहेर पडले.

२. न्यू सेलम

१८३१ च्या वसंतात डेंटन ऑफट नावाच्या व्यापाऱ्याने माल न्यू ऑर्लिन्सला पोहोचवण्यासाठी लिंकन आणि त्यांच्या दोन सोबत्यांना कामावर ठेवले. सपाट तळाची नाव त्यांनी स्वतः बांधली आणि सँगमन नदीतून हाकारली. न्यू सेलम या वसाहतीजवळ पाणचक्कीच्या बंधाऱ्यावर ती अडकली. नावेत पाणी भरू लागले. लिंकन यांनी काही माल उतरवून घेतला, नावेच्या पुढे आलेल्या टोकाला भोक पाडून पाणी बाहेर सोडले आणि नाव बंधाऱ्यापलीकडे नेली. काठावर जमलेल्या गावकऱ्यांना हा उंच, हडकुळा तरुण प्रथम दिसला तो असा.

त्याच वर्षी जुलैमध्ये ते न्यू सेलममध्ये राहायला आले आणि ऑफटच्या दुकानात कारकून झाले. हे गाव म्हणजे टेकडीवरील काही झोपड्या, दुकाने, पाणचक्की आणि लोहाराची भट्टी. दुकान ही गावाची चावडीच होती. तेथे मालाबरोबर बातम्यांची देवघेव होई आणि राजकारणावर वाद झडत. शेजारच्या क्लेरीज ग्रोव्ह वस्तीतील दांडगट तरुणांचा म्होरक्या जॅक आर्मस्ट्राँग याच्याशी लिंकन यांची कुस्ती झाली. ती कोणी जिंकली याविषयी पाहणाऱ्यांच्या आठवणी जुळत नाहीत. परिणामाविषयी मात्र एकमत आहे. आर्मस्ट्राँग त्यांचा जन्माचा मित्र झाला आणि त्याची टोळी त्यांची पाठीराखी बनली.

गावाची दुसरी बाजू वेगळी होती. जेम्स रटलेज यांच्या पुढाकाराने तेथे वादविवाद मंडळ भरत असे. मेंटर ग्रॅहम हे शाळामास्तर पुस्तकांविषयी मार्गदर्शन करीत. लिंकन यांनी दोन्ही ठिकाणी स्थान मिळवले. कुस्तीच्या आखाड्यात आणि वादविवादाच्या सभेत सारखाच मान असलेला दुसरा माणूस त्या गावात सापडणे कठीण होते.

३. व्याकरणाचा अभ्यास

सार्वजनिक जीवनात उतरायचे तर आपली भाषा नीट हवी, ही जाणीव लिंकन यांना लवकर झाली. त्यांची बोली सरहद्दीवरच्या शेतकऱ्यांची होती आणि ती त्यांनी कधी पूर्ण टाकली नाही. लिखित भाषेचे नियम मात्र त्यांना शिकून घ्यायचे होते. कर्कहॅम यांचे इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक काही मैलांवरच्या एका शेतकऱ्याकडे आहे असे कळताच ते पायी जाऊन ते घेऊन आले. दुकानात गिऱ्हाईक नसताना आणि रात्री भट्टीच्या उजेडात त्यांनी ते अभ्यासले. एखाद्या मित्राच्या हाती पुस्तक देऊन ते प्रश्न विचारायला लावीत आणि आपण व्याख्या म्हणून दाखवीत.

या प्रसंगाकडे भाषाभ्यासाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. प्रौढ वयात प्रमाणभाषा शिकणाऱ्या माणसासमोर दोन धोके असतात. एक, आपल्या बोलीची लाज वाटून ती टाकून देणे. दोन, नव्याने शिकलेल्या भाषेचा दिखाऊ वापर करणे. लिंकन यांनी दोन्ही टाळले. व्याकरणातून त्यांनी वाक्याची शिस्त घेतली. शब्द आणि दाखले मात्र रोजच्या जगण्यातले ठेवले. पुढे ज्या साध्या, नेमक्या गद्यासाठी ते ओळखले गेले, त्याचा आरंभ येथे आहे.

४. मतदारांना उद्देशून पत्र

९ मार्च १८३२ ही तारीख असलेले लिंकन यांचे जाहीर निवेदन स्प्रिंगफील्ड येथील ‘सँगमो जर्नल’ या वृत्तपत्रात १५ मार्चला प्रसिद्ध झाले. सँगमन काउंटीच्या जनतेला उद्देशून लिहिलेले हे पत्र म्हणजे त्यांचा पहिला जाहीरनामा. प्रसिद्धीपूर्वी गावातील एकदोन जाणत्यांनी तो नजरेखालून घातला होता, अशा आठवणी सांगितल्या जातात.

त्या काळी इलिनॉयमध्ये पक्षांची बांधणी पक्की झालेली नव्हती. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे समर्थक आणि हेन्री क्ले यांचे समर्थक असे दोन प्रवाह होते. राज्यात जॅक्सन यांच्याकडे कल अधिक होता. लिंकन क्ले यांचे चाहते होते. परंतु पत्रात त्यांनी राष्ट्रीय वादांना फारसे स्थान दिले नाही. लोकांच्या दारातला प्रश्न त्यांनी हाती घेतला. तो प्रश्न वाहतुकीचा होता.

सँगमन खोऱ्यातील शेतकऱ्याचे धान्य आणि डुकराचे मांस बाजारपेठेपर्यंत नेणे फार खर्चाचे होते. इलिनॉय नदीपासून स्प्रिंगफील्डपर्यंत लोहमार्ग काढावा अशी चर्चा चालू होती. लोहमार्ग सर्वांत उपयुक्त ठरेल, हे लिंकन यांनी मान्य केले. त्याला पाऊस, थंडी वा नदीच्या पाण्याचा अडसर नसतो, हेही त्यांनी दाखवून दिले. परंतु अंदाजित खर्च २,९०,००० डॉलर होता आणि तो काउंटीला पेलणारा नव्हता. जे काम पुरे करण्याची ऐपत नाही ते सुरू करू नये. अर्धवट राहिलेले काम म्हणजे फुकट गेलेले श्रम, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी नदी सुधारण्याचा पर्याय सुचवला. पात्रात अडकलेली झाडे काढावीत आणि खालच्या अंगाला नागमोडी वळणे घेणारा प्रवाह सरळ करावा, म्हणजे मध्यम आकाराच्या नौका वर येऊ शकतील, असे त्यांचे म्हणणे होते. या नदीतून आपण स्वतः नाव नेली आहे, पाणचक्कीच्या कामानिमित्त वर्षभर पाण्याची पातळी पाहिली आहे, हा अनुभव त्यांनी पुरावा म्हणून मांडला.

दुसरा मुद्दा व्याजाचा होता. सरहद्दीवर रोख पैशाची चणचण असल्याने सावकार मनमानी दर लावीत. व्याजाच्या दरावर कायद्याने मर्यादा घालावी असे लिंकन यांनी सुचवले. तिसरा मुद्दा शिक्षणाचा. त्याची कोणतीही योजना त्यांनी मांडली नाही; पण जनतेसमोरचा हा सर्वांत महत्त्वाचा विषय आहे, असे स्पष्ट म्हटले. प्रत्येकाला स्वतःच्या आणि इतर देशांचा इतिहास वाचता यावा, आपल्या स्वतंत्र संस्थांचे मोल कळावे, एवढे शिक्षण तरी सर्वांना मिळावे ही त्यांची अपेक्षा होती. प्रचलित काही कायद्यांत बदल हवेत असे सुचवतानाच, आपली मते चुकीची ठरली तर ती सोडून देण्याची तयारीही त्यांनी दाखवली.

पत्राचा शेवट वेगळा आहे. सहकारी नागरिकांच्या आदरास पात्र व्हावे, हीच आपली महत्त्वाकांक्षा असल्याचे ते सांगतात. आपण तरुण आहोत, अनेकांना अपरिचित आहोत, सामान्य थरात जन्मलो आणि तेथेच राहिलो, शिफारस करणारे श्रीमंत वा वजनदार आप्त आपल्याला नाहीत, हे ते लपवीत नाहीत. लोकांनी निवडले तर कष्टाने परतफेड करू. नाकारले तर निराशेचा परिचय इतका जुना आहे की फार खेद वाटणार नाही, असा समारोप ते करतात.

हा विनय खरा होता तसाच तो हिशेबीही होता. काउंटीतील बहुसंख्य मतदार लिंकन यांच्यासारखेच गरीब, स्थलांतरित आणि अल्पशिक्षित होते. आपली उणीव सांगताना उमेदवार त्यांच्याशी असलेले साम्यच सांगत होता. पत्राच्या पूर्वार्धात आकडे आणि युक्तिवाद, उत्तरार्धात आत्मनिवेदन, ही रचना लक्षात घेण्यासारखी आहे. आधी विश्वास बसावा आणि मग जवळीक वाटावी, असा तिचा क्रम आहे.

५. ‘टॅलिस्मन’चा प्रवास

पत्रातील युक्तिवादाची परीक्षा लगेच झाली. त्याच मार्चमध्ये ‘टॅलिस्मन’ नावाची आगबोट सिनसिनाटीहून माल घेऊन सँगमन नदीत शिरली. काठावरच्या फांद्या आणि पात्रातील अडथळे दूर करण्यासाठी लांब दांड्याच्या कुऱ्हाडी घेऊन जी माणसे पुढे गेली, त्यांत लिंकन होते. बोट स्प्रिंगफील्डजवळच्या धक्क्याला लागली तेव्हा गावात मेजवान्या झडल्या. नदीमार्ग खुला झाला, असा आनंद सर्वत्र होता.

हा आनंद आठवडाभरच टिकला. नदीचे पाणी झपाट्याने ओसरू लागले. बोट तातडीने परत नेणे भाग पडले. परतीच्या मार्गावर ती चालवण्याचे काम रोवन हर्नडन आणि लिंकन यांच्याकडे आले. दिवसाकाठी जेमतेम चार मैल अंतर कापले जाई. न्यू सेलमच्या बंधाऱ्यापाशी बोट अडली आणि बंधाऱ्याचा काही भाग काढून टाकल्यावरच ती पुढे सरकली. लिंकन यांना या कामाचे ४० डॉलर मिळाले. ते चालत गावी परतले.

नदी सुधारल्याशिवाय वाहतूक शक्य नाही, हे या प्रवासाने सिद्ध केले. परंतु ती सुधारणे किती अवघड आहे, हेही त्याने दाखवून दिले. पुढेही सँगमन हा नियमित वाहतुकीचा मार्ग झाला नाही. उमेदवाराच्या मुख्य मुद्द्यावर निसर्गानेच शंका उपस्थित केली होती.

६. युद्धावर रवानगी

एप्रिलमध्ये आणखी एक वळण आले. सॉक जमातीचा नेता ब्लॅक हॉक आपल्या अनुयायांसह मिसिसिपी नदी ओलांडून पूर्वेकडे आला. त्यांत बायका, मुले आणि वृद्धही होते. १८०४ च्या ज्या कराराने या लोकांची इलिनॉयमधील भूमी गेली होती, तो करार ब्लॅक हॉकला मान्य नव्हता. गव्हर्नर जॉन रेनल्ड्स यांनी स्वयंसेवकांना पाचारण केले. ऑफटचे दुकान डबघाईला आले होते आणि लिंकन यांची नोकरी जाण्याच्या बेतात होती. ते स्वयंसेवक म्हणून दाखल झाले.

कंपनीचा कप्तान सैनिकांनीच निवडायचा होता. उमेदवारांनी मैदानात उभे राहावे आणि ज्याला जो हवा त्याच्यामागे त्याने जाऊन थांबावे, अशी पद्धत होती. बहुतेक सगळी माणसे लिंकन यांच्या मागे गेली. लोकांनी मत देऊन त्यांना निवडण्याचा हा पहिलाच प्रसंग. राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी मिळाल्यानंतरही, त्यानंतरच्या कोणत्याही यशाने इतके समाधान दिले नाही, असे ते या निवडीविषयी म्हणत.

प्रत्यक्ष लढाईत भाग घेण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. कप्तानपदाची मुदत संपल्यावर ते साधे शिपाई म्हणून पुन्हा भरती झाले आणि १० जुलैला विस्कॉन्सिनच्या प्रदेशात त्यांची सेवा संपली. या युद्धाचा शेवट मात्र विसरता येण्याजोगा नाही. १ आणि २ ऑगस्टला बॅड ॲक्स नदीच्या मुखाशी, मिसिसिपी ओलांडून परत जाऊ पाहणाऱ्या ब्लॅक हॉकच्या लोकांची मोठी कत्तल झाली. इलिनॉयमधील मतदान त्यानंतर चारच दिवसांनी होते. ज्या भूमीवर लोकशाहीची ही निवडणूक होत होती, तिच्यावरून तिचे जुने रहिवासी असे हुसकावले गेले होते. लिंकन यांचे चरित्र वाचताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही.

७. पंधरा दिवसांचा प्रचार

परतीच्या आदल्या रात्री लिंकन यांचा घोडा चोरीला गेला. काही वाट पायी, काही नदीतून होडीने, असे करत ते जुलैच्या अखेरीस न्यू सेलमला पोहोचले. मतदान ६ ऑगस्टला होते. हाती सुमारे दोन आठवडे उरले होते. त्या वेळी सँगमन काउंटीचा विस्तार अवाढव्य होता. आजच्या अनेक काउंट्यांचा मुलूख तिच्यात मोडत असे. जागा चार आणि उमेदवार तेरा. प्रतिस्पर्ध्यांमध्ये स्प्रिंगफील्डचे वकील जॉन टी. स्टुअर्ट होते, तसेच गावोगावी घोड्यावरून फिरून प्रवचने देणारे मेथडिस्ट धर्मोपदेशक पीटर कार्टराइट होते. अशा नावाजलेल्या माणसांपुढे लिंकन यांची ओळख काउंटीच्या एका कोपऱ्यापुरतीच होती.

प्रचाराची साधने साधी होती. शेतावर जाऊन बोलावे, आठवड्याच्या बाजारी, लिलावाच्या जागी किंवा चौरस्त्यावर लोक जमले की ओंडक्यावर वा गाडीवर उभे राहून भाषण करावे. लिंकन यांचा वेशही प्रचारकाला शोभणारा नव्हता. बाह्या आखूड पडलेला जाड्याभरड्या कापडाचा कोट, तशीच आखूड विजार आणि गवती टोपी, असे त्यांचे वर्णन त्यांच्या परिचितांनी केले आहे.

पॅप्सव्हिल येथील सभेची आठवण अनेक चरित्रांत येते. लिलावासाठी जमलेल्या गर्दीत मारामारी सुरू झाली आणि लिंकन यांचा एक मित्र तीत सापडला. लिंकन भाषण थांबवून खाली उतरले, हल्लेखोराला मानगुटीला धरून दूर फेकले आणि पुन्हा आपल्या जागी येऊन त्यांनी अगदी थोडक्यात भाषण पुरे केले. आठवणीतल्या तपशिलांत भर पडली असण्याचा संभव आहे. तरीही त्या समाजात उमेदवाराकडून काय अपेक्षित होते, याची कल्पना तिच्यातून येते.

८. मतदान आणि निकाल

इलिनॉयमध्ये त्या काळी गुप्त मतदान नव्हते. मतदार केंद्रावर येई, आपले नाव सांगे आणि कोणाला मत देतो हे सर्वांसमक्ष बोलून दाखवी. कारकून ते वहीत नोंदवून घेई. सावकार, मालक, शेजारी यांच्यादेखत मत उच्चारायचे असल्याने ते स्वातंत्र्य किती जणांना खरोखर वापरता येत असेल, हा प्रश्न उरतोच. शिवाय मताधिकार केवळ एकवीस वर्षांवरील गोऱ्या पुरुषांना होता. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांना तो नव्हता.

लिंकन यांना ६५७ मते मिळाली आणि ते आठवे आले. चौथ्या, म्हणजे शेवटच्या विजयी क्रमांकावरील कार्टराइट यांना ८१५ मते होती. अंतर १५८ मतांचे. युद्धात गेलेले तीन महिने आणि काउंटीचा अफाट विस्तार ही पराभवाची कारणे उघड आहेत. जेथे माणूस पोहोचला नाही, तेथे त्याचे नावही पोहोचले नाही.

परंतु निकालाचा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. न्यू सेलमच्या केंद्रावर सुमारे ३०० मतदारांपैकी २७७ जणांनी लिंकन यांना मत दिले. हेच केंद्र त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॅक्सन यांच्या बाजूने मोठ्या फरकाने उभे राहिले. म्हणजे क्ले यांच्या विरोधात असलेल्या मतदारांनीही क्ले यांच्या या चाहत्याला पसंती दिली होती. जे त्यांना ओळखत होते, त्यांनी पक्ष बाजूला ठेवून माणूस पाहिला. थेट लोकांच्या मतांनी झालेल्या निवडणुकीत लिंकन हरले ते या एकाच वेळी. १८५८ मध्ये सिनेटसाठी ते स्टीफन डग्लस यांच्याकडून पराभूत झाले खरे. परंतु तेव्हा सिनेटरची निवड राज्याचे विधिमंडळ करीत असे.

९. दुसरा प्रयत्न

निवडणुकीनंतर लिंकन यांच्याजवळ काम नव्हते. विल्यम बेरी यांच्या भागीदारीत त्यांनी उधारीवर दुकान घेतले. ते बुडाले आणि बेरी यांच्या मृत्यूनंतर सगळे कर्ज लिंकन यांच्या शिरावर आले. सुमारे १,१०० डॉलरची ही रक्कम फेडायला त्यांना अनेक वर्षे लागली. १८३३ मध्ये ते गावचे पोस्टमास्तर झाले. नंतर काउंटीच्या मोजणीदाराचे सहायक म्हणून काम करू लागले. भूमिती आणि मोजणीची पुस्तके त्यांनी स्वतःच अभ्यासली. जप्तीत त्यांची मोजणीची साधने लिलावाला निघाली, तेव्हा एका मित्राने ती विकत घेऊन त्यांना परत केली.

ही दोन्ही कामे पोटापुरतीच होती. पण टपाल पोहोचवताना आणि शेतांच्या हद्दी आखताना लिंकन काउंटीच्या कानाकोपऱ्यांत हिंडले. १८३२ मध्ये जी ओळख कमी पडली होती, ती आता आपोआप वाढत गेली. १८३४ च्या प्रचारात ते एका शेतावर गेले असता, आमच्या बरोबरीने कापणी करील त्यालाच मत, असे मजुरांनी सांगितले. लिंकन यांनी लांब दांड्याचा कोयता घेतला आणि सर्वांच्या पुढे राहून एक फेरी पुरी केली, अशी आठवण त्यांचे जुने सोबती हर्नडन यांनी सांगितली आहे.

या वेळी लिंकन १,३७६ मते मिळवून दुसऱ्या क्रमांकावर निवडून आले. पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा त्यांना फक्त १४ मते कमी होती. व्हँडेलिया या तेव्हाच्या राजधानीत जाण्यासाठी अंगावर धड कपडे नव्हते. कोलमन स्मूट या शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेऊन त्यांनी पोशाख शिवला आणि डिसेंबरमध्ये सभागृहात प्रवेश केला. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना मागे टाकले होते, त्याच स्टुअर्ट यांनी त्यांना कायद्याचा अभ्यास करण्यास सुचवले आणि पुस्तके दिली. १८३६ मध्ये लिंकन वकील झाले. पुढे दोघे भागीदारही झाले.

१०. पुढील जीवन

लिंकन सलग चार वेळा विधिमंडळावर निवडून आले. १८३६ मध्ये त्यांना काउंटीत सर्वाधिक मते पडली. १८३७ मध्ये राजधानी स्प्रिंगफील्डला हलवण्यात त्यांचा पुढाकार होता. त्याच वर्षी सभागृहाने गुलामगिरीविरोधी चळवळीचा निषेध केला, तेव्हा विरुद्ध मत देणाऱ्या अत्यल्प सदस्यांत ते होते. ३ मार्च १८३७ रोजी डॅन स्टोन यांच्यासह त्यांनी गुलामगिरी अन्यायावर उभी असल्याचे लेखी नोंदवले. त्याच निवेदनात निर्मूलनवादी प्रचाराविषयी त्यांनी नापसंतीही व्यक्त केली होती. त्यांचे विचार टप्प्याटप्प्याने पुढे गेले, हे येथे दिसते.

ज्या रेल्वेमार्गाबाबत १८३२ मध्ये त्यांनी ऐपतीचा विचार मांडला होता, तिच्यासह कालवे आणि रस्ते यांच्या प्रचंड योजनेला १८३७ मध्ये त्यांनी पाठिंबा दिला. आर्थिक मंदीत ती कोसळली आणि राज्य कर्जात बुडाले. पहिल्या पत्रातील सावधगिरीचा धडा त्यांना अशा रीतीने पुन्हा मिळाला.

१८४६ मध्ये कार्टराइट यांचाच पराभव करून ते काँग्रेसवर निवडून आले. १८६० मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. यादवी युद्धाच्या काळात, १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्ततेची घोषणा केली. १४ एप्रिल १८६५ रोजी त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ते अर्पण केलेले आहे. इलिनॉयच्या एका खेड्यातून सुरू झालेल्या त्या राजकीय प्रवासाची मराठी समाजाशी असलेली खरी नाळ या अर्पणपत्रिकेत आहे.

समारोप

१८३२ च्या निवडणुकीने लिंकन यांना सत्ता दिली नाही. तिने त्यांना स्वतःच्या लोकांपुढे उभे राहून, त्यांच्या भाषेत, आकडे आणि अनुभव यांच्या आधारे बोलायला शिकवले. उच्चारून दिलेली ती २७७ मते आजही नोंदींत वाचता येतात. त्यांतील प्रत्येक मतामागे, या माणसाला काम करताना पाहिलेला एक शेजारी होता.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ९ मार्च १८३२ च्या पत्रातील मुख्य मुद्दे सांगून त्याच्या रचनेचे वैशिष्ट्य स्पष्ट करा.
२. लिंकन यांच्या पराभवाची कारणे आणि न्यू सेलम केंद्रावरील निकाल यांचा एकत्रित विचार करून तुमचे मत मांडा.
३. तोंडी मतदानाच्या पद्धतीचे गुणदोष लिहा.
४. या घटकातील कोणते प्रसंग आठवणींवर आणि कोणते कागदोपत्री नोंदींवर आधारलेले आहेत, त्यांची वर्गवारी करा.
५. तुमच्या परिसरातील प्रथमच निवडणूक लढवणाऱ्या एखाद्या काल्पनिक उमेदवाराच्या वतीने मतदारांना उद्देशून सुमारे २०० शब्दांचे पत्र लिहा.